ट्रॅकिया : माणसाचा, रेशीम अळीचा आणि डाळिंबाच्या खोडातला

प्रश्न (विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)
मी बी.एससी.ला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे दोन्ही विषय घेतले आहेत. माणसाचा ट्रॅकिया म्हणजे श्वासनलिका, आणि कीटकांतही हा शब्द श्वसनासाठीच येतो. परंतु वनस्पतिशास्त्राच्या एका जुन्या पुस्तकात जलवाहिनीच्या नळीलाच ट्रॅकिया म्हटलेले आढळले. पाण्याच्या नळीला हवेच्या नळीचे नाव कसे पडले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र)
याचे मूळ मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन वैद्याच्या कामात आहे. 1669 मध्ये त्याचा रेशीमकिड्यावरील ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला आणि पुढे 1675 व 1679 मध्ये वनस्पतींच्या अंतर्रचनेवरील दोन भाग आले. कोवळी फांदी हलकेच मोडून ओढली असता जलवाहिन्यांतील मळसूत्री धागे उलगडत बाहेर येतात. तसेच वेटोळे त्याने अळीच्या श्वासनलिकांत पाहिले होते, म्हणून झाडेही याच नळ्यांनी श्वास घेतात असे त्याने मानले. ती समजूत गेली, नाव मात्र टिकले. आज आपण वाहिनी म्हणतो, तरी ‘ट्रॅकिड’ (लाकडातली पाणी वाहणारी लांबट पेशी) या शब्दात त्याचा अंश उरलाच आहे. सांगोल्याच्या डाळिंब बागायतदारांना या नळ्यांचे महत्त्व वेगळ्या रीतीने कळते: सेरॅटोसिस्टिस बुरशीमुळे मर रोग झालेल्या झाडाचे खोड आडवे कापले, तर आतले लाकूड काळपट पडलेले दिसते आणि पाणी वर चढणे बंद झालेले असते.

उत्तर (तुती व रेशीम उत्पादक, मोहोळ तालुका)
सरांच्या उत्तरात थोडी भर घालतो. रेशीम अळीच्या दोन्ही कुशींवर काळ्या ठिपक्यांसारखी श्वासरंध्रे दिसतात, एकूण नऊ जोड्या. त्यांतून निघालेल्या नळ्या फाटे फुटत थेट पेशींपर्यंत हवा नेतात, त्यामुळे अळीच्या रक्तावर प्राणवायू वाहण्याचा भार पडत नाही. माल्पिघीने या रंध्रांना तेल लावून पाहिले, तेव्हा अळ्या मेल्या. कात टाकताना या नळ्यांचे आतले अस्तरही त्याच रंध्रांतून बाहेर ओढले जाते. कातीला चिकटलेले ते बारीक काळपट दोरे भिंगाखाली अवश्य पाहावेत.

उत्तर (कान-नाक-घसा तज्ज्ञ)
वैद्यकात हा शब्द सर्वांत जुना आहे. ग्रीक वैद्य या नळीला ‘खडबडीत धमनी’ म्हणत, कारण बोटाला कूर्चेच्या कड्या लागतात. प्रौढ माणसात ही नळी सुमारे 10 ते 12 सेंटिमीटर लांब असून तिच्यात 16 ते 20 कड्या असतात. त्या मागून उघड्या असल्यामुळे घास गिळताना अन्ननलिकेला फुगायला जागा मिळते. माझ्या मते तिन्ही नळ्यांतले खरे साम्य आत काय वाहते यात नसून भिंतीच्या बांधणीत आहे. श्वास ओढताना, किंवा पानांतून बाष्प उडून पाणी वर खेचले जात असताना, आतला दाब घटतो आणि नळी चेपली जाण्याचा धोका असतो; कड्या किंवा वेटोळी तो टाळतात. परीक्षेत मात्र वनस्पतीसाठी ‘श्वासनलिका’ लिहू नये, ‘वाहिनी’च लिहावे.