‘आहेस ना’ एवढंच
देव सांभाळतो तर संकटं येतातच कशी, असं तुम्ही विचारलंत. मलाही हे फार छळायचं. आईचं ऑपरेशन चालू होतं त्या रात्री मी बाहेर बाकावर नाम घेत बसले होते. बोटं गार पडलेली, माळेचे मणी निसटत होते. ती वाचेल असं कुणीच सांगितलं नव्हतं, तरी आपण एकट्या नाही हे आतून पक्कं जाणवलं. देव आपला योगक्षेम वाहतो म्हणतात ना, त्या शब्दात दोन गोष्टी आल्यात बघा: योग म्हणजे नसलेलं मिळणं, क्षेम म्हणजे असलेलं जपलं जाणं. आपण मागतो बहुधा पहिलंच. दुसरं मात्र न मागता अखंड चालू असतं. झोपेतला श्वास आपण कुठे सांभाळतो? हल्ली घराबाहेर पडताना मी काही मागत नाही, उंबऱ्यावर क्षणभर थांबून ‘आहेस ना’ एवढंच म्हणते.