एकाच झाडाच्या पाच उंच्या! सहावी-सातवीच्या मैदानावरच्या उपक्रमात काय चुकतंय?

अंगणशाळा (कोरेगाव, जि. सातारा) यांचा प्रश्न

सहावी-सातवीचा जोडवर्ग आहे, २५ मुलं, पाच गट. आवारात उभा अशोक, कडुलिंब, चिंच, एक जुना वड आणि कुंपणाला शेवगा. निसर्ग, गणित आणि मोबाईल तिन्ही एकत्र येतील असा उपक्रम म्हणून झाडांची उंची मोजायला घेतली. साहित्य: कंपासपेटीतला कोनमापक, कागदी स्ट्रॉ, दोरा, ३० मीटरची टेप. स्मार्टफोन एकच, तोही माझा. नेट अधूनमधून येतं.

उभ्या अशोकाची मापं अशी आली (मुलांच्या डोळ्यांची उंची साधारण १.३ मीटर धरली):

गट १: अंतर १० मी., कोन ४७°, उंची १०.७ मी.
गट २: अंतर १५ मी., कोन ५५°, उंची २२.७ मी.
गट ३: अंतर ४ मी., कोन ७१°, उंची १२.९ मी.
गट ४: अंतर १२ मी., कोन ४२°, उंची १२.१ मी.
गट ५: अंतर २० मी., कोन २७°, उंची ११.५ मी.

अंतराला कोनाच्या टॅननं (काटकोन त्रिकोणात समोरची बाजू भागिले पाया, हे गुणोत्तर) गुणायचं आणि डोळ्यांची उंची मिळवायची, अशी रीत. टॅनच्या किमती मीच कॅल्क्युलेटरवर काढून दिल्या, कारण त्रिकोणमिती नववी-दहावीत येते. आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत. चूक नेमकी कुठे झाली? टॅनशिवाय हे मुलांना स्वतः करता येईल का? आणि मोबाईलचा असा उपयोग सांगा, की मोजण्याचं काम मुलांच्या हातातच राहील.

ओळंबा यांचं उत्तर

मॅडम, तुमची मापं वाटतात तितकी विखुरलेली नाहीत. गट १ डोळ्यांची उंची मिळवायला विसरलाय. १०.७ मध्ये १.३ मिळवा, १२.० होतात. गट २ नं कोनमापकावरचा आकडा तसाच उतरवलाय. कोनमापक उलटा धरला की स्ट्रॉ आडवी असताना दोरा ९०° वर येतो, म्हणून उन्नत कोन (आडव्या रेषेपासून शेंड्यापर्यंतचा कोन) हा ९० आणि दिसणारा आकडा यांतला फरक असतो. ९० वजा ५५ म्हणजे ३५°. त्यावरून १०.५ अधिक १.३, म्हणजे ११.८ मीटर. दुरुस्तीनंतर चढत्या क्रमानं लावा: ११.५, ११.८, १२.०, १२.१, १२.९. मधलं माप १२.०. सरासरीपेक्षा हे मधलं माप घ्यायला शिकवा. मूळच्या आकड्यांत एकट्या २२.७ मुळे सरासरी जवळपास १४ वर गेली होती, मधलं माप मात्र १२.१ च राहतं.

गट २ ची चूक सगळ्या शाळांत होते आणि समजावून सांगून ती थांबत नाही. उपकरणच बदला. कोनमापकाच्या आकड्यांवर कागदी चिकटपट्टी लावा, मध्यावर ० लिहा आणि दोन्ही बाजूंना १०, २०, ३०... असं ९० पर्यंत. मग दोरा दाखवेल तोच उन्नत कोन.

गट ३ आणि ५ चा फरक अंतरामुळे आलाय. डोळ्यांच्या पातळीपासून शेंडा १२ मीटर वर आहे असं धरा आणि कोन वाचताना एकच अंश जास्त वाचला गेला असं समजा. १२ मीटरवर उभं राहिलात तर चूक सुमारे ४३ सें.मी., ४ मीटरवरून ७४ सें.मी. आणि ३० मीटरवरून ६१ सें.मी. कोन ४५° च्या आसपास असेल तिथे चूक सर्वांत कमी. म्हणून आधी अंदाज घ्यायचा, कोन ४० ते ५० मध्ये येईपर्यंत पुढे-मागे सरकायचं आणि मगच टेप धरायची.

बनावटीबद्दल थोडं:

स्ट्रॉ १५ सें.मी. तरी हवी. साधारण ६ मि.मी. भोकाच्या अशा स्ट्रॉमधून दोन अंशांहून जास्त भाग दिसतो, म्हणजे शेंडा भोकात कुठेही असला तरी मूल "दिसला" म्हणतं. पुढच्या टोकावर दोन दोरे फुलीसारखे चिकटवा आणि शेंडा फुलीवर आणायला सांगा. दोऱ्याला खोडरबर किंवा कागदाचा बोळा बांधू नका, वाऱ्यानं हलतो. १० मि.मी. बोल्टचे दोन लोखंडी नट बांधा. दोरा कोनमापकाच्या मध्यबिंदूच्या भोकातूनच यायला हवा. कडेला चिकटवला तर प्रत्येक माप एकाच बाजूला चुकतं आणि गटागटांत तुलना करूनही ते पकडता येत नाही. दोरा प्लॅस्टिकला घासून अडकतो, म्हणून वाचायच्या आधी कोनमापक किंचित बाहेर कलता करून पुन्हा सरळ करायचा.

एकानं पाहायचं, दुसऱ्यानं बाजूला उभं राहून कोन वाचायचा, तिसऱ्यानं लिहायचा. पाहणाऱ्यानंच दोरा चिमटीत धरून खाली आणून वाचला की तो दोन-तीन अंश सरकलेला असतो. आणि स्ट्रॉमधून सूर्याकडे पाहायचं नाही, हे दर वेळी सुरुवातीलाच बजावायचं.

टॅनला पर्याय म्हणजे प्रमाणात आकृती. १ सें.मी. म्हणजे १ मीटर. वहीच्या पानावर १२ सें.मी. पाया काढा, एका टोकाला ४२° चा कोन, दुसऱ्या टोकाला लंब. दोन्ही रेषा मिळतात तिथपर्यंत लंब मोजा: १०.८ सें.मी. म्हणजे १०.८ मीटर, त्यात १.३ मिळवा. सहावीचं गुणोत्तर-प्रमाण एवढ्याला पुरतं. पेन्सिलीला टोक हवं, अर्ध्या मिलिमीटरची जाड रेघ म्हणजे झाडावर पाच सेंटिमीटर. पुढच्या तासिकेला १० सें.मी. पायावर २०° पासून ६०° पर्यंत दर पाच अंशांनी रेषा काढून उंच्यांचा तक्ता करू द्या. ३०° ला ५.८, ४०° ला ८.४, ४५° ला १०, ५०° ला ११.९, ६०° ला १७.३ सें.मी. यायला हवेत. हा टॅनचाच तक्ता, मुलांनी स्वतः मोजून केलेला. नववी-दहावीत तो पुन्हा भेटेल तेव्हा परका वाटणार नाही.

झाडाआधी ध्वजस्तंभ मोजा. त्याची खरी उंची दोरीनं तपासता येते, त्यामुळे उपकरणाची खोट तिथेच कळते.

पानगळ

वरच्या उत्तरात झाडाच्या आकाराचा मुद्दा राहिला. उभा अशोक, सुरू, नारळ यांचा शेंडा खोडाच्या बरोबर वर असतो. चिंच किंवा वर्षावृक्षाच्या बाबतीत जवळून पाहिल्यावर जो "शेंडा" वाटतो, ती आपल्याकडच्या बाजूची फांदी असते. ती आपल्यापासून खोडापेक्षा जवळ असते, पण आपण गणितात खोडापर्यंतचं अंतर धरतो, म्हणून उंची नेहमी जास्त येते. पसरट झाडं लांबून आणि दोन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. वडाच्या उंचीच्या मागे लागूच नका, त्याचा पसारा मोजा. त्यात गणित जास्त आहे.

पसारा असा. खोडापासून आठ दिशांना टेप धरायची. फांद्यांची कड कुठे संपते ते नुसतं वर बघून ठरवलं तर मीटरभर चुकतं, म्हणून दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. वर पाहणारं मूल पुढे-मागे सरकतं, कडेचं पान ओळंब्याच्या रेषेत आलं की तिथे खडा ठेवायचा. आठही अंतरं आलेख कागदावर १ सें.मी. = १ मी. या प्रमाणात मांडा, बिंदू जोडा आणि चौकोन मोजा: पूर्ण चौकोन धरा, अर्धा किंवा जास्त व्यापलेला धरा, अर्ध्याहून कमी सोडा. तेवढे चौरस मीटर सावली. वर्गखोलीचं क्षेत्रफळ शेजारी लिहा, म्हणजे वड केवढा आहे ते मुलांना दिसतं.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, वनविभागाची रीत हीच. १३७ सें.मी.ची काठीच कापून ठेवा. उतारावर काठी चढाच्या बाजूनं लावायची. त्याखालीच खोड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजायची, बेरीज करून एक घेर लिहायचा नाही. सुतळी भिजली की तिची लांबी बदलते, शिंप्याची टेप बरी. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास. दर वर्षी त्याच महिन्यात आणि त्याच उंचीवर मोजा, कारण पावसात साल पाणी पिऊन फुगते आणि वाढ नसताना वाढ दिसते. खूण म्हणून गेरूचा पट्टा ओढा. खिळा ठोकू नका, क्रमांकाच्या पाटीसाठीही नको.

शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. त्याला हात लावायच्या आधी मोठ्या माणसानं चारही बाजूंनी पाहावं. उंच झाडांवर आग्या मोहोळ आहे का, हेही आदल्या दिवशीच बघून ठेवा. कुंपणावर खाजकुयली असेल तर तो भाग वगळा.

अंगणशाळा

गट १ आणि २ च्या वह्या उघडल्या, दोन्ही चुका तशाच निघाल्या. नवे आकडे चिकटवायला घेतले आहेत. वडाचा पसारा पुढच्या आठवड्यात करू. मोबाईलचं सांगाल का कोणी? आणि सप्टेंबरात उघडीप मिळाली तर सावलीचं काही करता येईल का?

छायाशंकू

मोबाईल आधी. "फायफॉक्स" हे मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठानं केलेलं. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्यात कल मोजण्याची सोय आहे. फोनच्या लांब कडेला स्ट्रॉ रबरबँडनं बांधा, झाला दुसरा उन्नतीमापक (उन्नत कोन मोजायचं साधन). प्रत्येक गटाचं हाताचं माप वहीत उतरल्यावरच फोन द्या. आधी दिला तर हाताचा आकडा फोनकडे बघून सुधारला जातो. फोनही तपासायचा असतो: सपाट बाकावर ठेवून आकडा लिहा, त्याच जागी फोन अर्धा फिरवून पुन्हा लिहा. बाक कलता असेल तर चिन्ह बदलेल. दोन्हींची सरासरी शून्य येत नसेल, तर तेवढी फोनची खोट. मागचं कव्हर लावूनच हे करा, नाहीतर कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन डुगडुगतो.

दोन झाडांमधलं अंतर जीपीएसनं काढू नका. झाडाखाली चूक सहज ५ ते १० मीटर असते, आणि तुमची झाडंच तेवढ्या अंतरावर असतील. होकायंत्र लोखंडी फाटकाजवळ किंवा चुंबक असलेल्या कव्हरमध्ये भरकटतं. फोटोवरून झाडाचं नाव सांगणारी ॲप्स चालतील, पण ॲपनं सुचवलेलं नाव वहीत पेन्सिलीनंच लिहायचं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, साधी की संयुक्त, हे मुलांनी पाहिल्यावर शाईनं. मुलांची खाती उघडू नका आणि फोटोत चेहरे येऊ देऊ नका.

एक झाड निवडून दर आठवड्याला पाहायचं असेल तर "सीझनवॉच" हा देशभर चालणारा नागरिक-विज्ञान प्रकल्प (सामान्य लोकांनीच नोंदी करायच्या असा) बघा. कोवळी पानं, फुलं, फळं यांसाठी नाही, थोडी, पुष्कळ एवढीच नोंद करायची. चिंच त्यासाठी उत्तम.

आता सावली. झाडाची उंची सावलीवरून काढायची तर सकाळी साडेआठ ते दहा ही वेळ बरी. एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा आणि काठीची व झाडाची सावली एकाच वेळी मोजा, दोन गट लावून. सूर्य ४०° वर असताना दहा मिनिटं गेली तर सावली ७-८ टक्क्यांनी आखडते, म्हणजे १२ मीटरच्या झाडात जवळपास मीटरभराची चूक.

सप्टेंबरसाठी मात्र याहून मोठं काम सुचवतो. २२-२३ सप्टेंबरला सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी माध्यान्हीची सावली थेट अक्षांश सांगते. कोरेगावला १ मीटर काठीची सर्वांत आखूड सावली ३२ सें.मी.च्या आसपास येईल, नागपूरला ३९ च्या आसपास. नागपूरकडच्या एखाद्या शाळेशी फोनवरून ठरवा. दोन्हीकडे प्रमाणात आकृती काढून काठीच्या टोकाशी होणारे कोन मोजायचे, साधारण १७.७° आणि २१.१°. फरक साडेतीन अंशांच्या आत-बाहेर. दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशाच्या प्रमाणपट्टीवरून काढा, ३८० कि.मी.च्या आसपास येईल. मग ३६० अंशांना किती, हे त्रैराशिक. पृथ्वीचा परीघ ४०,००० कि.मी.च्या जवळपास यायला हवा.

माध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची, कोरेगाव ७४ च्या पुढे, म्हणून त्या दिवशी तुमच्याकडे सर्वांत आखूड सावली सुमारे १२ वाजून २६ मिनिटांनी पडेल. नागपूरला ती वीसेक मिनिटं आधी. वेळ जुळवायची गरज नाही, प्रत्येकानं आपापली आखूड सावली घ्यायची. सव्वाअकरापासून दीडपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत जा. त्या दिवशी सगळे खडे एका सरळ रेषेत येतात, वर्षात बहुतेक इतर वेळी ती रेषा वक्र असते. काठीच्या बुडापासून त्या रेषेवर लंब टाकला की आखूड सावली मिळते. मध्येच ढग आला आणि नेमका तो क्षण हुकला तरी चालतं.

चूक किती महागात पडते तेही सांगून ठेवतो: सावलीत १ सें.मी. इकडेतिकडे झालं तर अक्षांशात अर्धा अंश, म्हणजे जमिनीवर ५५-६० कि.मी. सावलीचं टोक मुळातच पुसट असतं, म्हणून काठीच्या टोकाला पुठ्ठ्याची गोल चकती लावून तिच्या मध्यावर ३ मि.मी.चं भोक पाडा आणि सावलीत पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. उंची मग काठीची नाही, भोकाची मोजायची: जमिनीपासून बरोबर १ मीटर. पायाखालची जागा पाण्याच्या बाटलीनं किंवा गवंड्याच्या लेव्हलनं सपाट आहे ना ते बघा. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजा, कारण त्या सुमारास सूर्य दिवसाला ०.४° दक्षिणेला सरकतो. ढगांचा भरवसा नसल्यानं २१ ते २५ सप्टेंबर हे पाचही दिवस राखून ठेवा. दोन्ही गावांत एकाच दिवशी ऊन मिळालं तर २३ तारीख नसली तरी दोन कोनांमधला फरक तोच राहतो आणि परीघ निघतोच.