मदत हवी आहे: बाळाच्या मेंदूत रक्तस्राव, पुढे काय?

निशिगंध_क
मुलगा लवकर झाला, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) आहे. डोक्याच्या सोनोग्राफीत ब्लीड निघालं. डॉक्टर म्हणतात, पुन्हा सोनोग्राफी करू, तोवर थांबा. कशासाठी थांबायचं? चालेल का, बोलेल का, एवढंच सांगा कोणीतरी. 'गूगल करू नका' सांगायला येऊ नका, करून झालंय.

रानवेल
किती आठवड्यांचा? वजन? ब्लीडची ग्रेड (१ ते ४, ४ सर्वात गंभीर) कितवी, एका बाजूला की दोन्ही? २६ आठवडे आणि ३४ आठवडे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

निशिगंध_क
२९. वजन १२०० ग्रॅम. ग्रेड २, उजवीकडे.

खडूस_काका
माझी पुतणी ३० व्या आठवड्यातली. आता वर्गात पहिली येते. काही होत नाही हो.

रानवेल
काका, तिला ब्लीड होता का? नव्हता ना? मग कशाला.
ताई, ग्रेड २ म्हणजे रक्त वेंट्रिकलमध्ये (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत) उतरलंय, पण वेंट्रिकल फुगलेलं नाही. यातली बहुतेक मुलं चालतात, बोलतात. धोका शून्य नाही, इतकंच. खरी काळजी ग्रेड ३ आणि ४ ची. बहुतेक ब्लीड पहिल्या ३ दिवसांतच होतात. थांबायचं ते दोन गोष्टींसाठी: डोक्यात पाणी साठतंय का, आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाला इजा (पीव्हीएल) झालीय का. त्यातल्या सिस्ट (छोट्या पोकळ्या) दिसायलाच काही आठवडे जातात.

तिरपागडा
ग्रेडवरच अडकू नका. नंतरचं इन्फेक्शन, एनईसी (आतड्याचा गंभीर दाह), फार दिवस व्हेंटिलेटर, हेही मेंदूच्या वाढीला तितकंच नडतं. प्रसूतीआधी तुम्हाला स्टेरॉइड आणि मॅग्नेशियम (बाळाची फुफ्फुसं आणि मेंदू जपायला देतात) मिळालं होतं का?

निशिगंध_क
स्टेरॉइडचा एकच डोस झाला. मॅग्नेशियमचं माहीत नाही. मी शेवटपर्यंत कामावर जात होते, त्यानं झालं का हे?

तिरपागडा
नाही. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूत वेंट्रिकलजवळच्या भागातल्या रक्तवाहिन्याच नाजूक असतात. रक्तदाब वरखाली झाला की फुटतात. एका डोसाचाही थोडा उपयोग होतो.

बोलकी_मैना
आतापासून काळे-पांढरे फ्लॅशकार्ड दाखवा. मेंदू झपाट्यानं वाढतो, मी स्वतः पाहिलंय.

रानवेल
एनआयसीयूत फ्लॅशकार्ड?! तिथे उलट उजेड आणि आवाज कमी ठेवतात. परवानगी मिळाली की छातीशी घ्या (कांगारू केअर), आणि दूध काढून द्या. आईच्या दुधानं एनईसीचा धोका कमी होतो.

बोलकी_मैना
मी चांगल्या मनानं सांगितलं. असो.

खडूस_काका
लसी मात्र करेक्टेड वय (प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजलेलं) धरून द्या हं.

तिरपागडा
चूक. लसी जन्मतारखेप्रमाणेच. करेक्टेड वय मान धरणं, बसणं, बोलणं हे बघताना धरायचं, तेही साधारण २ वर्षांपर्यंत. आणि डोळ्यांची आरओपी (लवकर झालेल्या बाळांचा डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी झाली का?

निशिगंध_क
लसी, डोळे यांचं मी विचारलंच नव्हतं. परवा सोनोग्राफी आहे, तिथे काय विचारू ते सांगा.

रानवेल
वेंट्रिकलचं माप मागच्यापेक्षा वाढलंय का. पांढऱ्या भागात काही दिसतंय का. डोक्याचा घेर किती वेगानं वाढतोय. घरी सोडताना फॉलोअपच्या तारखा लिहून घ्या. करेक्टेड ३ महिन्यांच्या सुमाराला हातापायांच्या हालचाली बघतात, ती तपासणी चुकवू नका. डोळ्यांचंही विचाराच, ते राहून चालत नाही.