आईसाठी तळमजला किंवा लिफ्ट, १४ हजारांत वन बीएचके: धायरी की दापोडी?

कृष्णाकाठची
नमस्कार. मी पुण्यात डेक्कनजवळच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. चार वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन राहतेय. बाबा गेल्यापासून आई कराडला एकटीच असते, तिला दिवाळीच्या आत इकडे आणायचंय. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत, जिन्यात प्रत्येक पायरीवर थांबते. म्हणून तळमजला, नाहीतर लिफ्ट. मेंटेनन्स धरून १४ हजारांच्या वर झेपणार नाही. डिपॉझिटला ५० हजार साठवलेत.

कर्वेनगरला पाहिलं ते १९ हजार. नऱ्ह्यात साडेदहा हजारांत मिळत होतं, हवा छान खेळती, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. वारज्यात सगळं जुळलं होतं. नाईट ड्यूटी म्हटल्यावर मालकांनी फोन घेणंच बंद केलं. फार लागलं मनाला. रात्री वॉर्डात आम्ही कुणाच्या तरी आईवडिलांचीच काळजी घेत असतो.

आता धायरीत १३ हजारांचं तळमजल्याचं एक आहे. मैत्रीण म्हणते मेट्रोच्या कडेने दापोडी बघ. तो भाग मला अजिबात माहीत नाही. ड्यूटी रात्री ८ ते सकाळी ८. काय करू?

धायरीकर
ताई, नऊ वर्षं इथे राहतोय. धायरी २०१७ साली महापालिकेत आली, तरी आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागतोच. त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे आधी विचारा. घर सकाळी ७ वाजता बघायला जा आणि नळ सोडून बघा. पाण्याचं खरं उत्तर मालक देत नाही, शेजारच्या वहिनी देतात.

आणि तळमजला हवा म्हणून सिंहगड रस्त्याला नदीच्या अंगाचं घर घेऊ नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. ओळखीच्या एका आजींना आम्ही खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेलं. तुमच्या आईंसाठी लिफ्टच बरी.

निवृत्त बँकवाला
मुली, घर कुठलंही घे, पण साध्या स्टॅम्प पेपरवर सही करून राहायला जाऊ नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. हल्ली आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं. १३ हजार भाडं, ४० हजार डिपॉझिट, ११ महिने धरले तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क ४०० रुपयांच्या आत बसतं, नोंदणी फी १००० रुपये. एजंट पाच-सहा हजार सांगेल, तेव्हा हिशेब मागून घे.

डिपॉझिटचा आकडा करारात येऊ दे, रक्कम बँकेतूनच दे. माझ्या मुलाचे २० हजार रंगकामाच्या नावाखाली गेले. आकडा करारात नव्हता, पैसे रोख दिलेले. वर्षभर खेटे घातले, एक रुपया परत आला नाही. राहायला जायच्या दिवशी भिंती, नळ, गिझर सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करून मालकाला पाठव.

दापोडीची सून
मी स्वतः लॅब टेक्निशियन, त्यामुळे नाईटचं दुःख कळतं. दापोडी स्टेशनवरून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो घ्यायची, सिव्हिल कोर्टला बदलून वनाझची, डेक्कन जिमखान्याला उतरायचं. संध्याकाळी जाताना आणि सकाळी येताना दोन्ही वेळा मेट्रो मिळते. इथेही नदीकडच्या गल्ल्या टाळायच्या, पावसाळ्यात पाणी येतं.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके रिकामा आहे. साडेबारा अधिक ८०० मेंटेनन्स. इमारत जुनी आहे, स्वयंपाकघर अरुंद, पण लिफ्ट चालू असते. मालकीणबाई खाली राहतात, त्यांची सूनही नर्स आहे. ड्यूटीचं मी आधीच सांगून ठेवते.

कृष्णाकाठची
१३,३०० म्हणजे बसतंय! धायरीच्या मालकांना आज नाही कळवलं. काका, करार करताना तुमचा मेसेज समोर ठेवीन. आई शुक्रवारी तपासणीसाठी येतेय. शनिवारी सकाळी ७ ला तिलाही घेऊन येऊ का?

दापोडीची सून
आणच. लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत आणि कठडा एकाच बाजूला. त्या काकूंना जमतात का, आपण दोघी बघू. चहा माझ्याकडे.