टीममध्ये एकेक जण घेतला म्हणजे सगळे आले का? लगान, चक दे आणि आपल्याकडचे सिद्दी

खानापूरकर:
अंडरडॉग टीमचा पिक्चर म्हटला की प्रत्येक जातीधर्माचा एकेक गडी घेतात आणि लोक खूष, बघा सगळे आले. मला नाही पटत. लगान (२००१) घ्या. कचरा दलित, हात अधू, आणि त्या अधू हातामुळंच बॉल वळतो, म्हणजे घासून कमावलेलं काही नाही, आपोआप आलेलं. त्याला घेण्यावरून गाव बिथरतं तेव्हा लांबलचक भाषण भुवन करतो, कचरा गप्प उभा.

हे टोचतं कारण कर्नाटकातल्या आपल्या हल्याळ-खानापूर भागातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांच्या बाबतीत खरोखर असंच झालंय. १९८७ला साईनं (भारतीय क्रीडा प्राधिकरण) स्पेशल एरिया गेम्स या खेळाडू घडवायच्या योजनेत सिद्दी पोरं निवडली, का तर पूर्वज आफ्रिकेतले, मग अंगात वेग असणारच. कमला सिद्दीसारखी अ‍ॅथलीट त्यातनंच पुढं आली, पण काही वर्षांत सिद्दींसाठीचं ते काम बंद पडलं. उद्या कुणी यावर पिक्चर काढला तर पुन्हा तेच 'रक्तातच आहे' दाखवणार आणि डोकं नि मेहनत कोचच्या वाट्याला. आणि एकेक गडी घेणाऱ्यांनी सिद्दी कुठल्या खणात टाकायचा? त्यांच्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन तिन्ही आहेत.

शहापूरची ताई:
दादा, कचऱ्यानं हॅट्ट्रिक घेतल्यावर अख्खं थेटर टाळ्या वाजवत होतं, ते काय कमी आहे का? ज्याला शिवायला नको म्हणत होते त्याच्यावर गावाचा लगान अवलंबून, हे लोकांनी डोळ्यानं बघितलं. चक दे (२००७) या महिला हॉकी टीमच्या पिक्चरमध्ये मिझोरमची मेरी नि मणिपूरची मॉली येतात तेव्हा त्यांना पाहुण्या म्हणतात आणि पोरगी तिथंच सुनावते की आपल्याच देशात पाहुणं म्हटलेलं कुणाला आवडेल. बेळगावात जन्म काढून 'तुम्ही तिकडचे का' ऐकणाऱ्या मराठी माणसाला ते कुठं लागतं सांगायला नको. तीन तासात सगळ्यांची चरित्रं कशी बसवणार? आधी दारातनं आत तर येऊ देत.

खानापूरकर:
तो सीन मलाही आवडतो. पण त्यानंतर? त्याच टीममधल्या कोमलचा बाप आठवतो, प्रीतीचा क्रिकेटर मित्र आठवतो, विद्याचं सासर आठवतं. मेरी, मॉली, झारखंडच्या राणी आणि सोयमोय, यांच्या घरचं एक तरी माणूस आठवतंय का? वेळ नव्हता म्हणता, पण प्रत्येक वेळी वेळ संपतो तो ह्यांचाच.

निपाणीचा गडी:
टीमबिम सोडा बघू. बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव, २०१८च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात ब्राँझ. कुराश म्हणजे काय हे गावात किती जणांना माहीत होतं? एका पोरीचा पिक्चर काढा, मोजणीचा प्रश्नच नाही.

शहापूरची ताई:
एकटीचा काढला की मग आपलं गाव कुठं दिसणार ओ? इथं कुठल्याबी ग्राउंडवर जावा, पास मागताना एक मराठीत ओरडतो, एक कन्नडात, एक उर्दूत, आणि बॉल बरोबर जातोय. ते टीमच्या पिक्चरमध्येच येतंय. फक्त सगळ्यांना हिंदी बोलायला लावू नका, खाली अक्षरं द्या, लोक वाचतील.

खानापूरकर:
ताई, अक्षरांचं पटलं, टीमचंही चालेल. पण सिद्दी पोरगी असली तर ती पहाटे एकटी हर्डल मांडताना दिसू दे, पडलेली दिसू दे, स्टार्टला चूक कुठं होते हे तिचं तिनंच ओळखलेलं दिसू दे. आणि तिच्यासाठी कुणी भांडायचं असेल तर तिची आई भांडू दे, कोच नको.

शहापूरची ताई:
आईचं चालेल. पण कोच नको म्हणू नका, चांगल्या कोचशिवाय आपल्याकडची किती पोरं शाळेच्या ग्राउंडवरच संपलीत ते तुम्हालाबी माहिताय.