लाईन बंद केल्याचं परमिट नसेल तर पोलवर चढायचंच नाही, गाव अंधारात राहिलं तरी. तुमचं काय मत?

पोलवरचा_माणूस (परभणी जिल्हा)
चौदा वर्षं झाली लाईनवर काम करायलो, ठेकेदाराकडं. परवा मीटिंगमधे सांगितलं की इथून पुढं परमिट न घेता, अर्थिंग न करता (बंद तार जमिनीला न जोडता) कुणी वर चढलेला दिसला तर त्याच दिवशी घरी बसवणार. निम्मी पोरं चिडली, म्हणायलीत सगळं शेवटी आपल्याच माथी. मला मात्र नियम पटला, अजून कडक असता तरी चाललं असतं.

माझ्यासोबतचा एक जण सात वर्षांपूर्वी गेला. संध्याकाळची वेळ, डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) जंपर, म्हणजे जोडतार, तुटलेला, अर्ध्या तासात सरपंचाचे चार फोन. सबस्टेशनवरून ११ केव्हीचा (११ हजार व्होल्टचा) फीडर, म्हणजे मुख्य लाईन, बंद केला तर बाकीची गावं बी बंद होतात म्हणून यानं नुसता डीपीचा एबी स्विच, तिन्ही तारा तोडणारा, ओढला, हँडल खाली आलं, हा वर चढला. तीनपैकी कडंचं एक ब्लेड गंजून अडकलेलं, ते उघडलंच नव्हतं. खालून बॅटरी मारून तीन ब्लेड मोजायला अर्धं मिनिट लागतं हो. आणि डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडायची काठी) लावला असता तर भडका तिथंच उडाला असता, फीडर ट्रिप झाला असता, आणि तो खाली उभा राहून शिव्या देत असता. मी त्याला उतरवलाय, झुल्यानं. ते सांगत नाही.

पाच मिनिटाचं काम आहे, टाक की, असं साहेब बी म्हणतो, गाव बी म्हणतं. आपल्याच गावातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? नोकरी जाते म्हटल्यावर म्हणता येतं. मला तो नियम त्यासाठी पाहिजे.

आठ_गावं_एकटा (हिंगोली)
दादा, तुमच्या सोबत्याचं वाचून वाईट वाटलं पण मी साफ विरोधात आहे. नियम पाळायला दोन माणसं लागतात, आमच्याकडं आठ गावाला मी एकटा. रॉड सेक्शनला एक, तो कायम तिसऱ्याच गावात. हातमोजे मागच्या वर्षी आलेत. मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडून बघितली तर अंगठ्याजवळून फुस्स. हे मोजे घालून मी ११ हजारावर जायचं? आणि मीटिंगमधे सही घेतात ना, की सेफ्टीचं सगळं साहित्य मिळालं म्हणून, ती सही अपघात झाल्यावर बाहेर निघते. बायको चकरा मारती आणि हे कागद दाखवतात, बघा तुमच्याच माणसाची चूक. आधी साहित्य द्या, माणसं द्या, मग कामावरून काढायची भाषा करा.

रब्बीवाला (बीड)
मी शेतकरी. वायरमनचा जीव जावा असं कुणालाच वाटत नाही, पण गहू ओंबीत आलाय आणि डीपी बंद पडून तिसरा दिवस. विहिरीत पाणी आहे, डोळ्यासमोर पीक वाळायलंय, आणि फोन केला तर परमिट नाही, माणूस नाही, उद्या बघू. मग काय होतं ते तुम्हाला बी माहिती. गावातला झिरो वायरमन, म्हणजे बिनपरवान्याचा, चढतो. आमच्याकडं वीस-बावीस वर्षाचं पोरगं आहे, दोनशे-तीनशे रुपयावर फ्यूज टाकतं, पायात चप्पल, हातात पक्कड. तुमचा नियम कडक झाला की धोका कमी होत नाही, तो फक्त तुमच्या अंगावरून त्या पोराच्या अंगावर जातो. त्याच्यावर कुठला नियम लागतोय?

पोलवरचा_माणूस
@रब्बीवाला काका, हे तुमचं मला लागलं. खरं आहे. झिरो वायरमन आम्हीच वाढवलेत, आमच्यातलेच काही जण महिन्याला काहीतरी देऊन त्याच्याकडून कामं करून घेतात. पण त्याला वर पाठवतं कोण? गावच की.

निवृत्त_अभियंता (नांदेड)
दोन गोष्टी सांगतो.

@आठ_गावं_एकटा, त्या सहीला घाबरू नका. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात स्पष्ट होतं, २०२५ ला त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत बी तेच आहे, मुद्दाम नियम मोडला म्हणून भरपाई नाकारता येते ती फक्त लहान-मध्यम इजेला. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ही सबब चालत नाही. आणि ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालकाकडं भरपाई मागता येते, त्यानं नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. चकरा मारणाऱ्या बायकांना हे कुणी सांगत नाही याची मला चीड येते. शिवाय वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अपघात विद्युत निरीक्षकाला कळवावाच लागतो. चौकशीत रॉड होता का, परमिट कुणी दिलं, रजिस्टरला नोंद आहे का, हे विचारायला लावा.

दुसरं, फोनवरच्या परमिटचं. ते मला कधीच मान्य नव्हतं. सबस्टेशनवरच्या ऑपरेटरची पाळी बदलते, नव्याला वाटतं फीडर ट्रिप झालाय, तो चार्ज म्हणजे चालू करतो. आणि सबस्टेशनवरून बंद असला तरी खात्री कसली? मंगल कार्यालयाचा जनरेटर चेंजओव्हर (लाईनपासून तोडणारा स्विच) न लावता चालू केला की ४४० व्होल्ट डीपीतून उलटे ११ हजार होऊन लाईनवर येतात. म्हणून काम चाललंय त्याच्या दोन्ही बाजूला अर्थिंग पाहिजे. आधी रॉडची खालची बाजू जमिनीला पक्की, मग वरची तारेला, काढताना उलटं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे नियम होते, २०२३ ला नवीन आले, तार बंद करून अर्थ केल्याशिवाय हात लावायचा नाही हे दोन्हीत आहे. नियम नवा नाहीच, पाळायला लावणारा पाहिजे.

खांब_ठेकेदार (जालना)
मी पोल उभारायची कामं घेतो. खरं सांगतो, टेंडरमधे दर एवढे खाली गेलेत की फुल बॉडी हार्नेस सगळ्यांना घ्यायचे म्हटलं तर पोटाला काही राहत नाही. साधा कंबरपट्टा देतो. सगळेच तसं करतात. माझ्या एकट्यावर कडक नियम आला तर मी टेंडर घालवणार आणि ज्याच्याकडं पट्टा बी नाही तो काम घेणार. बदल कामाच्या अंदाजपत्रकात करा, सेफ्टीची रक्कम वेगळी धरा, तिच्यात कुणाला बिलो, म्हणजे कमी दर, भरता येऊ नये.

लातूरची_लेक
@खांब_ठेकेदार पोटाला राहत नाही म्हणता. माझे वडील सिमेंटच्या पोलवरून कंबरपट्ट्यावर लटकून राहिले होते, पाऊण तास. पट्टा तुटला नाही, पण बरगड्या मोडल्या आणि आता दोन पायऱ्या चढल्या की बसतात. पन्नाशीच्या आत. तुमच्या पोरांची आई-बापं बघत असतात हो दारात. दराचं खरं असेल, मग सगळ्या ठेकेदारांनी मिळून टेंडरवर बहिष्कार टाका ना, तेवढं तर हातात आहे. @आठ_गावं_एकटा दादा, तुम्ही बरोबर आहात तरी फाटक्या मोज्यावर चढू नका. पप्पा बी असंच म्हणायचे, साहित्य नाही पण गाव थांबलंय.

आठ_गावं_एकटा
ताई, वाचलं. मोज्याचा फोटो काढून लेखी अर्ज देतो, पोच घेतो. नियमाच्या बाजूनं अजून बी नाही मी. पण अर्ज देतो.

रब्बीवाला
@पोलवरचा_माणूस गाव पाठवतं म्हणालात. रात्रभर तेच डोक्यात होतं. सकाळी डीपीवर जाऊन आलो, एबी स्विचच्या हँडलला कुलूपच नाही, बायंडिंग तारेनं बांधलेलं. कुणी बी येतो, चालू-बंद करतो. त्या पोराच्या बापाशी बोललो, तो म्हणे तुम्हीच बोलावता. ग्रामपंचायतीकडून कुलूप घ्यायचं ठरवलंय, तुमच्या ऑफिसची परवानगी घेऊन. एक किल्ली सरपंचाकडं, एक वायरमनकडं, चालंल का?

पोलवरचा_माणूस
नाही काका, किल्ली एकच. जो वर चढलाय त्याच्या खिशात. तो खाली उतरल्याशिवाय कुलूप निघता कामा नये, मी असो की दुसरा कुणी. आणि कुलूप पितळेचं घ्या, लोखंडी पावसाळ्यात गंजतं.