निधी संकलनाच्या कार्यक्रमात नेत्याची भेट : पैसे कसे द्यावेत आणि काय विचारावे?

मानपाडेकर

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावर आमच्या शेजारच्या संकुलाच्या क्लब हाऊसमध्ये येत्या रविवारी संध्याकाळी एक छोटेखानी कार्यक्रम आहे. ठाणे महापालिकेच्या एक माजी नगरसेविका विधानसभेची निवडणूक लढवण्याच्या तयारीत असून त्यासाठी निधी जमवायला त्यांनी असे लहान मेळावे घेण्याचे ठरवले आहे. तीस-चाळीस माणसे, थोडा वेळ त्यांचे बोलणे, मग चहा-फराळ आणि ज्याला जे विचारायचे ते त्याने विचारावे, असे स्वरूप असल्याचे मला बोलावणाऱ्या मित्राने सांगितले. किती द्यायचे ते तुझे तू ठरव, पण ये नक्की, असा त्याचा आग्रह आहे.

आजवर राजकारणी मंडळींशी माझा संबंध गणपतीच्या मंडपात नमस्कार करण्यापुरता किंवा प्रचारफेरी दाराशी आली तर मान डोलावण्यापुरताच आला. बाईंचे नगरसेविका म्हणून केलेले काम मी पाहिले आहे आणि ते मला पटते, त्यामुळे मदत करायला माझी ना नाही. पण आमंत्रणपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह आहे, यजमान म्हणून एका प्रतिष्ठानचे नाव आहे आणि व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड स्कॅन केला तर तिसरेच, कोणा व्यक्तीचे नाव दिसते. मग माझे पैसे नेमके कोणाच्या खात्यात जाणार? शिवाय माझी पत्नी राज्य शासनाच्या सेवेत आहे आणि आमचे खाते संयुक्त आहे, त्यातून तिला काही अडचण येईल का? आणि प्रत्यक्ष भेटीत आमच्या संकुलाच्या टँकरचा विषय काढावा, की अशा ठिकाणी गाऱ्हाणे मांडणे बरे दिसणार नाही?

हिशेबतपासनीस, नौपाडा

कार्यक्रम एक आणि नावे तीन, हे तुमच्या लक्षात आले ते बरे झाले, कारण बहुतेक लोक पत्रिकेवरचा फोटो पाहूनच पैसे पाठवतात. कायद्याच्या दृष्टीने या तीन देणग्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम २९ए खाली नोंदलेल्या पक्षाला दिलेली देणगी ही खरी राजकीय देणगी. प्राप्तिकर कायद्यानुसार तिच्यावर पूर्ण वजावट मिळते, मात्र रोख रकमेवर मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडली असेल तरीही मिळत नाही. पक्षाने दोन हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने घेतली तर त्याची करसवलत धोक्यात येते, त्यामुळे व्यवस्थित चालणारे कार्यालय तुमच्याकडून मोठी रोकड घेणारच नाही. एका आर्थिक वर्षात तुमची एकूण देणगी वीस हजारांच्या वर गेली तर तुमचे नाव पक्षाच्या वार्षिक अहवालातून निवडणूक आयोगाकडे जाते आणि ते अहवाल कोणालाही पाहता येतात. नाव झाकून देण्यासाठी निवडणूक रोख्यांचा जो मार्ग होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवला.

प्रतिष्ठान म्हणजे बहुधा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास. त्याची पावती धर्मादाय देणगीची असते आणि तो पैसा शिक्षण, आरोग्य अशा न्यासाच्या उद्दिष्टांवरच खर्च व्हायला हवा. प्रतिष्ठानच्या पावतीवर जमवलेल्या पैशातून प्रचाराचे फलक लागणार असतील, तर त्या पावतीला अर्थ राहत नाही.

व्यक्तीच्या खात्यात टाकलेला पैसा हा निव्वळ भेट म्हणून दिलेला पैसा. तुम्हाला वजावट नाही, आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण पन्नास हजारांपेक्षा जास्त भेटी आल्या तर त्या घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरल्या जातात. उमेदवाराला निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते उघडावेच लागते, पण ते उमेदवारी अर्जाच्या सुमारास, आणि सध्या तर निवडणूकही जाहीर झालेली नाही. त्यामुळे त्या क्यूआर कोडवर एक रुपयाही पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्नीविषयी सांगायचे तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय कार्यात भाग घेता येत नाही, तसेच त्यासाठी वर्गणीही देता येत नाही. हे बंधन त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. तरीही संयुक्त खात्याचा धनादेश देऊ नका, फक्त तुमच्या नावाच्या खात्यातून द्या. कार्यक्रमाला त्यांनी सोबत येऊ नये हेही उत्तम, कारण अशा ठिकाणी फोटो कोण काढतो आणि तो कुठे टाकतो यावर कोणाचाही ताबा नसतो.

ऐरोलीचा रहिवासी

कायद्याची बाजू वर नीट आली आहे. मी ऐरोली आणि वाशीत असे काही कार्यक्रम भरवायला हातभार लावला असल्यामुळे प्रत्यक्ष भेटीविषयी लिहितो.

पत्रिकेवर सहा वाजताची वेळ असली तर पाहुणे सातच्या आधी येत नाहीत, आणि तोपर्यंत पहिल्या दोन रांगा कार्यकर्त्यांनी भरलेल्या असतात. तुम्ही मागे, भिंतीकडच्या खुर्चीवर बसलात तरी बिघडत नाही. भाषण संपले की नेता व्यासपीठावरून खाली उतरतो आणि लोक त्याच्याभोवती कोंडाळे करतात. तिथे घुसू नका. चहाच्या टेबलाकडे थांबा, कारण तिथून गेल्याशिवाय कोणालाच बाहेर पडता येत नाही आणि नेत्याच्या हातात तेव्हा कप असल्यामुळे तो दोन मिनिटे तरी जागेवर थांबतो. सगळे ‘ताई’ म्हणत असतील तर तुम्हीही ताई म्हणावे. ‘मॅडम’ म्हटले की उत्तर सरकारी थाटात येते, असा माझा अनुभव आहे.

नेत्यापेक्षा त्यांच्या स्वीय सहायकाकडे जास्त लक्ष द्या. तो एक पाऊल मागे, लांबट वही घेऊन उभा असतो. नेत्याने ‘लिहून घ्या’ म्हटले आणि त्याने नुसती मान हलवली, तर तुमचा विषय तिथेच संपला असे समजा. त्याने नाव, संकुल आणि दूरध्वनी क्रमांक लिहिला, तरच पुढे काही होण्याची आशा. म्हणून निवेदन लेखी न्या, एका पानाचे, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. पोच मागितल्याने कोणी रागावत नाही. उलट हा माणूस कार्यालयात येऊन विचारणार आहे हे त्यांना कळते.

टँकरचा विषय जरूर काढा, पण प्रश्न योग्य माणसाला योग्य तेवढाच विचारावा. ठाणे शहराला पाणी महापालिकेची स्वतःची भातसा नदीवरील योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा निरनिराळ्या ठिकाणांहून येते. तुमच्या संकुलाच्या वाहिनीचा व्यास किंवा पाण्याची वेळ आमदार ठरवत नाही. आमदार विधानसभेत तारांकित प्रश्न टाकू शकतो, लक्षवेधी सूचना देऊ शकतो आणि संबंधित खात्यांना एका टेबलावर बसवू शकतो. तेव्हा ‘आमचे टँकर कधी बंद होतील’ असे विचारलेत तर आश्वासन मिळेल. ‘घोडबंदर पट्ट्याचा वाढीव कोटा कोणाकडे अडला आहे आणि तुम्ही निवडून आलात तर पहिले पत्र कोणाला लिहाल’ असे विचारलेत तर त्यांना खरेच काही माहीत आहे की नाही, हे कळेल. आमच्याकडे ऐरोली-कळवा उन्नत रेल्वे मार्गाविषयी लोक नगरसेवकाला धारेवर धरत असत. तो विषय रेल्वेचा, पण ‘मी तुमच्या भावना वर पोहोचवतो’ हे उत्तर देताना तो बिचारा पार थकून गेला होता.

तलावपाळी

एवढा अभ्यास कशासाठी? पैसे देऊन भेट म्हणजे दर्शनासाठी पासची रांग. ज्याला देणे परवडत नाही त्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? घरी बसा आणि मतदानाच्या दिवशी बटण दाबा.

जुना ठाणेकर

तलावपाळी यांचा राग समजतो, पण लोकांनी थोडे थोडे दिले नाही तर नेता बांधकाम व्यावसायिकाकडे जातो, आणि मग दर्शनाची रांग त्याच्या दारात लागते. महाराष्ट्रात वर्गणीची परंपरा जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेला पैसाफंड एकेका पैशाच्या वर्गणीवर उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. नेत्यांना जाहीर सभेत थैली अर्पण करण्याची पद्धत तर आमच्या पिढीने पाहिली आहे. थैलीत किती जमले ते ध्वनिक्षेपकावरून सांगत. घेणारा आणि देणारा दोघेही उजेडात असत, हे त्यातले महत्त्वाचे.

हिशेब देण्याविषयीही ठाण्याला लाजण्याचे कारण नाही. रामभाऊ म्हाळगी १९७७ आणि १९८० मध्ये इथून लोकसभेवर निवडून गेले, आणि आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची शिस्त होती. त्यांचा पक्ष आवडो न आवडो, ही गोष्ट विरोधकही मान्य करत.

म्हणून मानपाडेकर, माझी एक सूचना. उमेदवाराचा निवडणूक खर्च कायद्याने अर्ज भरल्याच्या तारखेपासून निकालाच्या तारखेपर्यंतच मोजला जातो आणि विधानसभेसाठी आपल्याकडे त्याची मर्यादा ४० लाख रुपये आहे. आत्ता, अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, जमणारा आणि खर्च होणारा पैसा त्या हिशेबात येतच नाही. तेव्हा या मेळाव्यांत जमलेल्या रकमेचा जमाखर्च देणगीदारांना दाखवणार का, एवढे बाईंना सरळ विचारा. टँकरपेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे.

मानपाडेकर

सर्वांचे आभार. कार्यक्रमाला जाऊन आलो, म्हणून वृत्तांत देतो.

दाराशी घडीचे टेबल होते. त्यावर स्टीलच्या स्टँडवर तोच क्यूआर कोड आणि शेजारी पक्षाचे छापील पावतीपुस्तक. तिथे बसलेल्या तरुणाला मी खाते कोणाचे आहे असे विचारले, तर तो म्हणाला, “काका, आमच्याच एका कार्यकर्त्याचे आहे, सोयीसाठी ठेवले आहे.” मी धनादेश पक्षाच्या नावाने देणार असल्याचे सांगितल्यावर त्याने पुस्तकात कार्बन सरकवला, पॅन विचारला आणि व्यवस्थित पावती फाडली. माझ्या मागचे गृहस्थ मात्र तोपर्यंत कोड स्कॅन करून मोकळे झाले होते.

ऐरोलीकरांच्या सल्ल्याप्रमाणे चहाच्या टेबलाजवळ थांबलो आणि ताई तिथे आल्या. पाण्याविषयी त्या मुद्द्याला धरून बोलल्या. कोणत्या जलकुंभाचे काम कुठे रखडले आहे हे त्यांना तोंडपाठ होते, आणि आपण नगरसेविका असताना काय जमले नाही हेही त्यांनी लपवले नाही. सहायकाने निवेदन घेतले आणि पोचही दिली. नंतर मी क्यूआर कोडचा विषय काढला. त्यांनी वळून सहायकाकडे पाहिले आणि दबक्या आवाजात “मी सांगितले होते ना?” असे म्हटले. थोड्या वेळाने तो स्टँड टेबलावरून उचललेला दिसला. आधीच आलेल्या पैशांचे काय, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

जमाखर्चाच्या प्रश्नावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही पहिलेच विचारणारे. बघू, पक्षाशी बोलावे लागेल.” यातल्या ‘बघू’चा अर्थ काय घ्यावा ते मी अजून ठरवलेले नाही, पण प्रश्न ऐकताना त्यांची नजर चुकवण्याची धडपड दिसली नाही, एवढे नमूद करतो. प्रतिष्ठानचे नाव पत्रिकेवर कशासाठी, याचे उत्तर ‘सभागृहाचे भाडे त्यांनी दिले’ असे आले. हिशेबतपासनीस यांना हे उत्तर पचेल असे वाटत नाही.

हिशेबतपासनीस, नौपाडा

नाही पचले. न्यासाने राजकीय मेळाव्याचे भाडे भरणे त्याच्या उद्दिष्टांत बसत नाही, आणि हे त्यांच्या लेखापरीक्षकाने त्यांना सांगायला हवे. तो त्यांचा प्रश्न.

तुमच्यापुरते सांगतो. पावतीवर पक्षाचे पूर्ण नाव, पत्ता, पॅन आणि धनादेशाचा क्रमांक आहे ना, हे पाहा. काही राहिले असेल तर जिल्हा कार्यालयातून आत्ताच दुरुस्त करून घ्या, मार्चनंतर तिथे कोणी भेटत नाही. धनादेश वटल्याची बँकेतील नोंद जपून ठेवा. जुनी करप्रणाली घेणार असाल तर विवरणपत्रात देणगीची तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि आयएफएससी भरावे लागतात. राजकीय देणग्यांच्या वजावटीवर प्राप्तिकर विभागाची सध्या बारीक नजर आहे, कारण नावापुरत्या पक्षांना धनादेश देऊन कमिशन कापून रोख परत घेणाऱ्यांनी बराच गोंधळ घालून ठेवला आहे. तुमच्या मागच्या त्या गृहस्थांची ओळख असेल तर त्यांनाही कळवा. त्यांच्याकडे कार्यकर्त्याच्या खात्यात गेलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट तेवढा असेल, आणि त्यावर वजावट मागता येणार नाही.